मर लागली की आधी टेम्पो बोलावू नका

सकाळी शेडमध्ये वीस-पंचवीस कोंबड्या मेलेल्या दिसल्या की नवखा पोल्ट्रीवाला दोन फोन करतो. पहिला औषधवाल्याला, दुसरा व्यापाऱ्याला. पशुवैद्यकीय दवाखान्याची आठवण तिसऱ्या दिवशी होते.

"मानमोडीच (राणीखेत रोग) असणार" हा अंदाज सगळ्यांत महागात पडतो. मानमोडी असो की बर्ड फ्लू, धाप लागते, हगवण होते, मान वाकडी होते, अंडी घटतात. तुरा निळा पडला, पायांवर लाल चट्टे आले तर संशय वाढतो, पण खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतच होते. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक सिद्ध झाला, तोही तिथल्याच तपासणीत.

आमच्या शेजारच्या गावात एका तरुणाने पहिल्याच बॅचला मर लागल्यावर स्वतःच्या मनाने लासोटा ही मानमोडीची लस पाजली. उरलेल्या कोंबड्या रातोरात पडत्या भावात विकल्या, मेलेल्या पोत्यांत भरून ओढ्यात टाकल्या. मी पोहोचलो तेव्हा कुत्र्यांनी पोती फाडली होती आणि कावळे तुटून पडले होते. त्याच टेम्पोतले न धुतलेले क्रेट आणखी दोन शेडांत उतरले. आठवड्याभरात तिथेही मर. अहवालात मानमोडीच निघाली. पोरगा म्हणाला, "बघा काका, मी सांगत होतो ना!" अरे, बर्ड फ्लू असता तर तोही याच क्रेटमधून, याच ओढ्यातून गेला असता.

माझी सवय सांगतो. मर नेहमीपेक्षा वाढली की फाटक बंद. गाडी आत नाही, पक्षी बाहेर नाही, हातमोजे आणि मास्कशिवाय मेलेल्या पक्ष्याला हात नाही, आणि लगेच दवाखान्याला फोन. लोक कळवायला घाबरतात. पण बर्ड फ्लू निघाला तर भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर करून तुमचंच नुकसान होतं.

दुसरी चूक, बर्ड फ्लू हा फक्त कोंबड्यांचा रोग समजणं. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, निदान एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. त्याच वर्षी अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गाईंत शिरला आणि त्यांचं कच्चं दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरं मेली. तरीही मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकणारे मला दर हंगामात भेटतात. कृपा करून टाकू नका.

बदकं कोंबड्यांसोबत ठेवू नका. ती आजारी न दिसताही विषाणू बाळगतात.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. लासोटा मानमोडीची लस आहे, बर्ड फ्लूची नाही.

अंड्यांचे कागदी ट्रे परत घेऊ नका. चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

शेडच्या दारातलं जंतुनाशक रोज बदला. शेणामातीने गढूळ झालेल्या पाण्यात बूट बुडवून काही मरत नाही. मी आधी ब्रशने तळवे घासतो, मग बूट बुडवतो, आणि शेडची चप्पल शेडच्या बाहेर नेत नाही.