फॉस्टर केअरमध्ये मूल घरी आणायचं आहे? अर्ज करण्याआधी हे वाचा

दत्तकाची प्रतीक्षा यादी लांबलचक आहे, तोवर फॉस्टर केअरमधून मूल मिळेल का, अशी चौकशी बरीच जोडपी करतात. त्यांना आधीच सांगितलेलं बरं: हा दत्तकाचा आडरस्ता नाही. फॉस्टर केअर, म्हणजे सरकारी भाषेत प्रतिपालकत्व, यात दुसऱ्याचं मूल आपल्या घरी वाढवायचं असतं. त्याच्या घरची घडी पुन्हा बसेपर्यंत, किंवा ती बसलीच नाही तर ते १८ वर्षांचं होईपर्यंत. एखाद्याची आई तुरुंगात असते, कुणाचे वडील दारूत बुडालेले असतात, तर कुणाला घर असूनही तिथे राहणंच धोक्याचं असतं. अशा मुलाला तुमचं आडनाव लागत नाही. अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीनं सांगितलं की त्याला परत पाठवावं लागतं, आणि ही तयारी आधीच लेखी द्यावी लागते. पात्रतेच्या सगळ्या अटींमध्ये माझ्या मते हीच खरी कठीण. तहसील कचेरीत तिचा दाखला मिळत नाही.

ही सगळी व्यवस्था बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ वर उभी आहे. केंद्र सरकारनं जून २०२४ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. इंटरनेटवरची जुनी माहिती त्याआधीची असेल तर तिच्यावर विसंबू नका.

आपण बसतो का, ते पाहा

पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांनाच संधी होती. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायद्यानं विभक्त झालेली व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी, दोन्हींपैकी कुणीही देता येतं. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच. जोडप्यासाठी किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य हवं आणि दोघांच्या वयाची बेरीज निदान ७० हवी. एकट्या व्यक्तीचं वय ३५ च्या पुढे हवं. ६ ते १२ वयाच्या मुलासाठी ते ५५ पर्यंत चालतं, १२ ते १८ च्या मुलासाठी ६० पर्यंत.

बाकीच्या अटी समजायला सोप्या आहेत. भारतीय नागरिकत्व हवं. जोडपं असेल तर दोघांचीही मनापासून तयारी हवी, एकानं दुसऱ्याला ओढत आणलेलं चालत नाही. मुलाचा खर्च झेपेल इतकी कमाई हवी. घरातल्या कुणावर गुन्हा नसावा. वैद्यकीय तपासणी घरात राहणाऱ्या सगळ्यांची होते, त्यात क्षयरोग, कावीळ ब आणि एचआयव्हीच्या चाचण्या येतात. स्वतःचं मूल असणं ही अडचण नाही आणि नसणं ही काही जादा पात्रता नाही.

घर मालकीचंच हवं, असंही नाही. भाड्याच्या घरातली माणसं इथेच उगाच मागे सरतात. पाहिलं जातं ते एवढंच की जागा पुरेशी आहे का आणि पाणी, संडास, वीज या सोयी धड आहेत का.

बाल संगोपन योजनेशी गल्लत नको

महाराष्ट्रात हा गोंधळ सर्रास होतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. तिचा लाभ बहुतेक वेळा आई किंवा वडील गमावलेल्या, पण आपल्याच घरी वा नातलगांकडे राहणाऱ्या मुलांना होतो. आजी, मामा, काकू मूल सांभाळत असतील तर त्यांनी या योजनेची किंवा प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल आपल्याच घरी राहावं म्हणून मिळणाऱ्या सरकारी मदतीची, चौकशी करावी. प्रतिपालकत्वात मूल जन्माच्या कुटुंबाबाहेरच्या घरी जातं, तेही समितीच्या आदेशानं.

मूल कुठलं मिळेल, याचाही आधीच विचार करून ठेवा. या योजनेतली मुलं साधारणपणे सहा वर्षांपुढची असतात, बालगृहात राहिलेली, किंवा पालक नसलेली अथवा असून सांभाळायला असमर्थ असलेली. काहींना विशेष गरजा असतात. तान्ह्या बाळाची अपेक्षा असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे.

अर्ज आणि कागदपत्रं

आता अर्ज ऑनलाइन होतो, दत्तकाचं काम पाहणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या केअरिंग्ज पोर्टलवर. तरी आधी एकदा आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन बसा. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात काम किती चालू आहे, हे तिथल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून जेवढं कळतं तेवढं पोर्टलवरून कळत नाही. काही जिल्ह्यांत काम वेगात चालतं, काही ठिकाणी तुमचाच अर्ज पहिला ठरेल. तशी वेळ आली तर चिकाटी धरावी लागते.

ओळखीचा, पत्त्याचा, वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणी किंवा घटस्फोटाचा हुकूम, वैद्यकीय दाखले आणि कुटुंबाचा फोटो तयार ठेवा. पोलीस पडताळणीला वेळ जातो, म्हणून तिची चौकशी आधी सुरू करा. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसांची नावंही विचारली जातात. तिथे नगरसेवकाचं नाव देण्यापेक्षा शेजारच्या काकूंचं द्या, अडीनडीला धावून येणार त्याच.

गृहभेट

अर्ज पुढे सरकला की समाजसेवक घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल लिहितात. लोक या दिवशी घराला रंग देतात, पोहे करतात. पोहे चालतील, पण रंग कुणी बघत नाही. प्रश्न साधे असतात: मूल कुठे झोपणार? दप्तर कुठे ठेवणार? तुम्ही दोघंही कामावर असाल तर शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार? तुमची मुलगी आठवीत आहे, तिला आपली खोली वाटून घ्यायची आहे का, आणि हे तिला कुणी विचारलंय का? आजी-आजोबांशी वेगळं बोलणं होतं. ‘मुलगा कुठल्या जातीचा?’ हा प्रश्न तिथेच बाहेर येतो. तो घरात आधीच येऊन, त्यावर भांडण होऊन मिटलेला असेल तर उत्तम. मुलासमोर पहिल्यांदा निघाला तर ते मूल तो कधी विसरत नाही.

बालगृहात वाढलेलं मूल घरात कसं वागतं, याची कल्पना दिली जाते. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागतं. रात्रीची पोळी उशीखाली ठेवतं, कारण उद्या मिळेल याची खात्री त्याला अजून नसते. अशा वेळी त्याला रागावणार की उशापाशी डबा ठेवणार, अशा अंगाचे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. घोकून ठेवलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. मनात भीती असेल तर तसं सांगा, त्यानं अर्ज फेटाळला जात नाही. प्रशिक्षणाला बोलावलं तर टाळू नका, तीही अट आहे.

आदेश आणि पैसे

तुमचा अहवाल आणि मुलाचा अहवाल ताडून कक्ष जुळणी सुचवतो, आदेश बाल कल्याण समिती काढते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाचं वय आणि समज पाहून त्याचंही मत घेतलं जातं. ‘मला नाही जायचं’ असं ते म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, तो त्याचा हक्क आहे. भावंडं असतील तर त्यांना शक्यतो एकत्रच ठेवतात, म्हणून एकाच्या तयारीनं गेलात तरी दोघांचा प्रश्न समोर येऊ शकतो. आदेश ठरावीक मुदतीचा असतो, आणि आढावा घेऊन तो वाढवता येतो.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा दर मुलामागे ४,००० रुपयांची तरतूद आहे. सरकारी पैसा आहे, मागेपुढे होऊ शकतो. तो आला नाही तरी शाळेची फी भरता येईल एवढी जुळवाजुळव हवीच.

मूल घरी आल्यावर

शिक्षण, आरोग्य आणि पोषण या तीन गोष्टींची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर येते. दर महिन्याला तपासणी होते. आजारपणाची आणि डॉक्टरांच्या भेटीची नोंद एका वहीत ठेवली तर दर वेळी आठवत बसावं लागत नाही. समितीची परवानगी असेल तर जन्मदाते आई-वडील भेटायला येऊ शकतात. त्यांच्याबद्दल मुलासमोर वाईट बोलू नका, ते कसेही असले तरी.

मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. वाढदिवसाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली ‘आमचा फॉस्टर मुलगा’ असं लिहिलंत तर तो गुन्हा ठरू शकतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसंच ‘अनाथ बाळ आहे, घर हवंय’ असे मोबाइल नंबरसह फिरणारे मेसेज पुढे ढकलू नका आणि त्या नंबरवर फोनही करू नका. खरंच असं मूल दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

दोन वर्षं मूल तुमच्याकडे राहिलं आणि ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं झालं, तर तुम्ही त्याला दत्तक मागू शकता. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण त्याचे पालक सावरले आणि समितीनं त्याला घरी पाठवायचं ठरवलं, तर तिथे तुमची दोन वर्षं पुरावा म्हणून चालत नाहीत.

आणि नाहीच जमलं तर? मूल तुमच्या मुलांना मारतंय, घर सोडून पळतंय, तुमचीच झोप उडाली आहे, असं झालं तर तडक कक्षाला कळवा. त्याला गावी चुलत्याकडे पाठवून देणं किंवा परस्पर दुसऱ्या कुटुंबात ठेवणं अजिबात चालत नाही. कक्षाकडून समुपदेशन मागा. त्यानंही नाही झालं तर समिती दुसरी व्यवस्था करते.