गुडघ्याला सुया टोचून घेताय? या चुका टाळा

ॲक्युपंक्चरच्या सुयांनी दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला, असं धरून चालणारे पेशंट मी रोज बघतो, आणि दर वेळी जीव तुटतो.

मागच्या चैत्रात पंचवटीतल्या एक काकू चौथ्या सिटिंगनंतर खूश होऊन गेल्या. दोनच दिवसांत त्या सप्तशृंगीच्या गडावर. ट्रॉली असूनही पाचशेच्या वर पायऱ्या चढल्या आणि पायऱ्यांनीच उतरल्या. मग मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. गुडघा टम्म सुजलेला, वाटीही दिसेना. "डॉक्टर, वर जाताना अजिबात दुखत नव्हतं हो!"

तिथंच घात झाला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, पायऱ्या उतरताना जवळपास साडेतीनपट. सुईने दुखणं उतरतं, हा भार उतरत नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भरून येत नाही. पाय धनुष्यासारखे वाकले असतील तर आतल्या बाजूला पडणारा दाबही तसाच राहतो. उलट दुखेनासं झालं की माणूस भराभर चालतो आणि त्याच झिजलेल्या जागेवर जास्त भार टाकतो.

मी स्वतः सुया टोचतो, तरी हे सांगायलाच हवं: ऑस्ट्रेलियात २०१४ साली पन्नाशीपुढच्या २८२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या उपचाराचा फायदा नकली उपचारापेक्षा विशेष दिसला नाही. म्हणून नुसत्या सुयांवर मी कुणालाच सोडत नाही.

दुसरी चूक म्हणजे सुया निघाल्या की चप्पल घालून घरी पळणं. गुडघा दुखतो, सुजतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो, आणि तो ढिला पडला की सगळा मार सांध्यावर. दुखणं कमी असतं तेव्हाच त्याला कामाला लावायचं. माझ्याकडे सुया काढल्यावर पेशंट उठत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. "किती दुखतंय?" हे मी नंतर विचारतो, आधी उठताना भार कुठल्या पायावर जातो ते बघतो. ज्यांना यासाठी दहा मिनिटं नाहीत, त्यांनी सुयांवरही पैसे घालवू नयेत, हे मी तोंडावर सांगतो.

एका सिटिंगमध्ये निकाल मागू नका. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावून घेऊ नका. वजन कमी करा: एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो.

काकू यंदा ट्रॉलीने गेल्या. खुर्चीवरून आता हात न टेकता उठतात.