गोल दांड्यावरील पावडर कोटिंगची जाडी: माझा अनुभव

भोसरीतील एका लहान कारखान्यात १२ मिमी व्यासाच्या लोखंडी दांड्यांवर पावडर कोटिंग (रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजून दिलेला थर) करताना आमचे मापक सातत्याने ७० मायक्रॉनच्या पुढे जाडी दाखवत होते, आणि तरीही ग्राहकाच्या तपासणीत तोच माल ६० मायक्रॉनपेक्षा कमी ठरून परत येत होता. प्रथम मी बॅटरी बदलली, प्रोबचे (मापकाच्या, पृष्ठभागावर टेकवायच्या भागाचे) टोक मऊ कापडाने पुसले; फरक पडला नाही.

अखेरीस कोटिंग न केलेल्या दांड्यावर प्रोब टेकवला, तेव्हा शून्याऐवजी १७ मायक्रॉन दिसले आणि कारण उमगले. चुंबकीय तत्त्वावर चालणाऱ्या मापकाचे शून्य आम्ही सोबत मिळालेल्या सपाट पट्टीवर जुळवत होतो. बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर, पृष्ठभागावर प्रोबच्या टोकाजवळ लोखंड कमी येत असल्यामुळे चुंबकीय प्रतिसाद घटतो आणि मापक ती घट कोटिंगची जाडी समजते. कडेजवळ किंवा फार पातळ पत्र्यावरही हेच घडते.

आता प्रत्येक लॉटमधील एक कोरा, स्वच्छ दांडा मी राखून ठेवतो, त्यावर शून्य जुळवतो आणि ज्ञात जाडीची फॉइल ठेवून खात्री करतो. प्रोब दांड्याच्या अक्षाला काटकोनात, न हलवता धरणे आवश्यक आहे. त्यासाठी व्ही खाच असलेला प्रोब फार उपयोगी पडतो. माल गॅल्व्हनाइज्ड असल्यास जस्ताचा थरही मोजमापात मिसळतो, म्हणून कोरा नमुनाही गॅल्व्हनाइज्डच घ्यावा.