परदेशातून ऑर्डर करताय? शिपिंगच्या या चुका टाळा

परदेशी साइटवरून काही मागवायचं म्हटलं की लोकं तासन्‌तास कूपन कोड शोधत बसतात, आणि शिपिंगचा आकडा बघतात तो एकदम शेवटी, पेमेंटच्या पानावर, तेव्हा मन वस्तूवर जडलेलं असतं आणि मग "जाऊ दे, एकदाच तर मागवतोय" म्हणून बटण दाबलं जातं. ओळखीतले बरेच जण ऑर्डर करून झाल्यावर मला स्क्रीनशॉट पाठवतात, "एवढं कसं काय लागलं?" अहो, ऑर्डर करायच्या आधी विचारा ना, नंतर कमी करण्यासारखं फार थोडं उरतं.

सगळ्यात जास्त पैसे घालवणारी चूक म्हणजे फक्त वजन बघणं. कुरिअरवाला वजन काट्यावर तर करतोच, पण खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतो आणि त्याला ५००० ने भागतो. हे झालं व्हॉल्युमेट्रिक वजन. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. मोठ्या एक्स्प्रेस कुरिअर कंपन्या सहसा ५००० धरतात, काही स्वस्त सेवा ६००० धरतात, म्हणजे तेवढ्याच खोक्याला वजन कमी भरतं. विमानात जागा मोजकी असते, त्यामुळे हा नियम चुकीचा आहे असं मला मुळीच वाटत नाही, पण तो माहीत नसला की काय होतं ते बघा.

एका मैत्रिणीने दोन लॅम्पशेड मागवले, कापडी, खाली रुंद आणि वर निमुळते. खोक्यासकट एकेक पावणेदोन किलोचा. पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या कॅलक्युलेटरवर तिने साडेतीन किलो टाकलं, आकाराचे रकाने भरले नाही तरी चालत होतं म्हणून रिकामे सोडले, आलेला आकडा परवडला, ऑर्डर केली. माल त्या कंपनीच्या गोदामात पोचला आणि बिल आलं ३३ किलोचं! तिला वाटलं टिंब चुकलंय. पण खोकी होती ४५ × ४५ × ४० ची, गुणाकार ८१,०००, भागिले ५००० म्हणजे १६.२, आणि तिथे अर्ध्या किलोच्या पटीत वर नेतात म्हणून १६.५, असे दोन. ती सपोर्टवाल्यांशी भांडायला निघाली होती, मी म्हटलं भांडू नकोस, आधी खोकं उघडून फोटो मागव. फोटोत शेडच्या आत नुसत्या हवेच्या पिशव्या. मग त्यांना लिहिलं की एक शेड दुसऱ्याच्या आत बसवा, मध्ये पातळ फोम घाला आणि एकच खोकं करा. ते झालं ४५ × ४५ × ४८, म्हणजे १९.५ किलो. री-पॅकिंगचे थोडे पैसे गेले पण साडेतेरा किलोचं भाडं वाचलं. तरीही शेडच्या किमतीपेक्षा शिपिंग जास्तच पडलं, आणि जीव जळला तो यासाठी की त्याच विक्रेत्याकडे तसाच शेड घडी होणारा होता, तारेची फ्रेम वेगळी आणि कापड चपटं. आधी "पॅक केल्यावर खोक्याचा आकार काय?" एवढं विचारलं असतं तर त्याने तोच सुचवला असता.

म्हणून माझी सवय अशी की पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एक मेसेज टाकायचा, पॅक केलेल्या खोक्याची तिन्ही मापं आणि वजन विचारायचं. उत्तराला एखादा दिवस लागतो. तेवढा धीर नसेल तर परदेशातून मागवायच्या भानगडीत पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. साइटवर वस्तूचं माप दिलेलं असतं ते खोक्याचं नसतं, आणि मधे फुगलेलं खोकं फुगलेल्या जागीच मोजलं जातं. बूट असतील तर बुटांचा डबा काढून टाकायला सांगा, कपडे असतील तर पिशवीत पाठवायला सांगा.

दुसरी चूक, "किंमत कमी लिहा, गिफ्ट लिहा" असं विक्रेत्याला सांगणं. याची मला खरंच चीड येते. दुकानातून पैसे मोजून घेतलेली वस्तू गिफ्ट होत नाही, आणि कस्टमवाल्यांना तीच वस्तू त्याच साइटवर शोधायला किती वेळ लागणार? शंका आली की पार्सल अडकतं, ते बिल मागतात, दंड लावू शकतात, माल जप्तही होऊ शकतो. आणि समजा यातलं काहीच झालं नाही पण पार्सल गहाळ झालं, तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीपर्यंतच मिळते. ३०० डॉलरच्या लेन्सवर २० लिहून घेतले असतील तर २० वर समाधान मानायचं. यात वाचत काहीच नाही, फक्त धोका आपल्या अंगावर घेतला जातो.

टॅक्सचा अंदाज वस्तूच्या किमतीवर काढणं, हीपण नेहमीची चूक. अमेरिकेत ड्युटी, म्हणजे आयात कर, साधारणपणे वाहतूक खर्च सोडून धरतात, पण युरोपियन युनियनमध्ये आणि इतर बऱ्याच देशांत वस्तू अधिक शिपिंग अधिक विमा या बेरजेवर लागते. समजा वस्तू १०० ची, शिपिंग ६० चं, ड्युटी १० टक्के, तर ती १६ होते, १० नाही. त्यावर २० टक्के व्हॅट धरला तर १७६ वर ३५.२०, म्हणजे दारात पडेपर्यंत २११.२०, आणि टॅक्स आपल्या वतीने भरल्याबद्दल कुरिअरवाला हँडलिंग फी लावतो ती वेगळीच. म्हणजे महाग शिपिंगवर टॅक्सही जास्त बसतो. चेकआउटला डीडीपी लिहिलं असेल तर ड्युटी आणि टॅक्स विक्रेत्याकडेच भरून झालेले असतात, डीएपी किंवा जुनं डीडीयू असेल तर ते दारात तुमच्याकडून घेतात. मला डीडीपी थोडं महाग दिसलं तरी चालतं, आकडा आधी कळतो.

जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका. युरोपियन युनियनमधली २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला बंद झाली, अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ ला गेली, तरी "एवढ्यापर्यंत काही लागत नाही" हे सांगणारे अजून भेटतात. आपल्या देशाच्या कस्टमच्या साइटवर त्या दिवशीचा नियम बघा.

तीन ऑर्डर एकत्र पाठवणं बहुतेक वेळा फायद्याचं, कारण पहिला अर्धा किलो सगळ्यात महाग असतो आणि पुढचे स्वस्त होत जातात. पण देशात करमाफीची मर्यादा असेल आणि एकत्र किंमत तिच्या वर जात असेल तर आधी दोन्ही हिशोब मांडा. आणि दोन किलोच्या आतल्या छोट्या, स्वस्त वस्तूला पोस्टाचं स्मॉल पॅकेट बघा, कुरिअरच्या घाईचे पैसे कशाला?

फ्री शिपिंगची मर्यादा गाठायला नको असलेली वस्तू कार्टमध्ये टाकू नका, तिच्यावरही टॅक्स बसतो.

सुटी लिथियम बॅटरी, पॉवरबँक, परफ्यूम हे सगळं विमानाच्या नियमांत अडकतं, आधी विचारा.

कार्डावर बिल विक्रेत्याच्या चलनात घ्या. साइट आपल्या चलनात दाखवते तो दर बहुतेक वेळा महागच असतो.

फोन नंबर बरोबर लिहा, कस्टमला काही विचारायचं असलं आणि फोन लागला नाही तर पार्सल तिथेच पडून राहतं आणि साठवणुकीचे पैसे चढू शकतात.

आणि साइजचा भरवसा नसेल तर बूट-कपडे मागवायच्या आधी रिटर्नचं भाडं कोण देणार ते वाचा. बऱ्याचदा ते आपल्यालाच पडतं, भरलेली ड्युटी आपोआप परत येत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला पाठवल्याची पावती लागते, तेव्हा ती फेकू नका.