पाइपच्या वाटीतला काळा लेप: माझा अनुभव

तंबाखू ओढायच्या माझ्या नव्या, ब्रायर लाकडाच्या पाइपच्या वाटीत (जिथे तंबाखू भरतात तिथे) कारखान्यातूनच काळा लेप होता, बहुधा वॉटरग्लासचा, म्हणजे सोडियम सिलिकेटचा. कोरं लाकूड जळू नये म्हणून तो देतात, हे खरं. पण झुरक्यागणिक औषधी चव! शिवाय लेपाखाली भेग दडलेली असली तर कळणार कसं?

बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून सगळा घासून काढला. (नाकाला फडकं बांधा.) मग ताकात ॲक्टिव्हेटेड चारकोल (खास प्रक्रिया केलेली कोळशाची पूड) कालवून पातळ हात दिला, धुराच्या भोकात काडी घालून ठेवली. कोल्हापुरात ताकाला काय तोटा! पावसाळी हवेत वाळायला मात्र वेळ लागला. आंबूस वास वाळल्यावर गेला. आता काजळीचा थर छान धरतोय. तो मिलिमीटरभर झाला की पुढचा खरवडायचा. फार जाड झाला तर तापून फुगतो आणि वाटी तडकू शकते.