अवे मॅचचा अंदाज कसा बांधायचा: आर्सेनल चालली न्यूकॅसलला

आपली टीम दुसऱ्याच्या ग्राउंडवर खेळायला जाणार म्हटलं की ग्रुपवर दोनच मेसेज फिरतात, एक "आरामात मारू भाऊ" आणि दुसरा "तिथं आपलं काही खरं नाही", अन दोन्ही पाठवणाऱ्यांनी मॅचबद्दल काहीच पाहिलेलं नसते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडं, फुटबॉल पाहणारे पोट्टे मोजकेच आहेत, बाकी सगळं गाव क्रिकेटवालं, पण जे पाहतात ते जीव लावून पाहतात आणि त्यांच्यासाठीच हे लिहून राहिलो. मॅचच्या आधी वही घेऊन अर्धा तास बसलं ना, की मॅच पाहायची मजा लय वाढते. मी आर्सेनलवाला, म्हणून उदाहरण आर्सेनलच्या न्यूकॅसलला होणाऱ्या प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगच्या मॅचचं घेतो. तुम्ही लिव्हरपूलवाले असा की युनायटेडवाले, रीत तीच राहते.

पहिले टाइम पक्का करा

इंग्लंडचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढं, हिवाळ्यात साडेपाच तास. म्हणजे त्यांची शनिवार दुपारी ३ ची मॅच आपल्याकडं ऑगस्टमध्ये साडेसातला लागते आणि डिसेंबरमध्ये साडेआठला. ह्या न्यूकॅसलच्याच मॅचेस पाहा, २०२२ च्या मे मध्ये सोमवारी होती ती आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाली, २०२३ च्या नोव्हेंबरची रात्री ११ ला, २०२४ ची संध्याकाळी ६ ला आणि २०२५ च्या सप्टेंबरची रात्री ९ ला.

एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. शनिवार दुपारी ३ च्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी आपापल्या गावच्या ग्राउंडवर जावं म्हणून तो जुना नियम आहे, आणि आपण मात्र इथं विदर्भात बसून त्या पाहू शकतो.

टाइम समजला की मग घरचं पाहा. रब्बीत शेतीची थ्री फेज लाईन रातची असली आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं तर मॅचच्या आधी मोटर चालू करून स्प्रिंकलरचे पाइप लावून घ्या, हाफटाइमला पाइप बदलायचे आणि परत यायचं, आमच्याकडं बरेच जण असंच करतात, पण त्यासाठी शेतात रेंज कोणत्या धुऱ्यावर येते ते दिवसा पाहून ठेवा. मोबाइल चार्ज करा, पॉवर बँक भरून ठेवा, डेटा दिवसभर रील्समध्ये उडवू नका. गावात लाईन केव्हा जाईल त्याचा नेम नाही.

टेबल फाडून पाहा

आता वही. बहुतेक जण टेबल पाहतात, आपण दुसरे ते अकरावे, झालं, जिंकलो. असं नाही चालत. कोणत्याही स्कोअर अॅपमध्ये टेबलच्या वर होम आणि अवे असे वेगळे भाग असतात, तिथं जाऊन आपल्या टीमचा फक्त अवेचा हिशोब काढा आणि समोरच्याचा फक्त होमचा, हे दोन आकडे एकासमोर एक लिहा. कितीतरी वेळा असं दिसते की टेबलमध्ये खाली असलेली टीम घरी मात्र चार-पाच मॅचपासून हरलेलीच नाही.

आणि अवेचं माप वेगळं धरा, हे माझं ठाम मत आहे. २००३-०४ ची आर्सेनल आठवा, अख्खी लीग न हरता जिंकली, ३८ पैकी २६ विजय १२ ड्रॉ. पण त्या टीमनं सुद्धा घरी १५ जिंकल्या आणि बाहेर ११, बाहेरच्या उरलेल्या ८ ड्रॉ. आजवरच्या सगळ्यात भारी टीमपैकी एक, तिलाही १९ पैकी ८ ठिकाणी बरोबरीवर समाधान मानावं लागलं, तर मग आपण एका अवे ड्रॉवरून कोचला शिव्या कायले द्यायच्या? टीमला हरवणं अवघड असलं पाहिजे, पहिले ते.

घरचं पब्लिक किती काम करते हे पाहायचं असेल तर २०२०-२१ चा सीझन काढा. कोरोनामुळे स्टँड जवळपास सगळे रिकामे होते आणि त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये होम टीम १४४ मॅच जिंकल्या आणि अवे टीम १५३. त्याआधी इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये पाहुण्यांनी घरच्यांपेक्षा जास्त मॅचेस जिंकल्याचं एकाही सीझनमध्ये झालं नव्हतं. ग्राउंड तेच, गवत तेच, खेळाडू तेच, फक्त आवाज नव्हता. म्हणून न्यूकॅसलसारख्या ठिकाणी, जिथं ५२ हजार लोकं एका सुरात ओरडतात आणि अवे टीमच्या लोकांना पार वर, सातव्या लेव्हलवर बसवतात, तिथं हा आवाज हिशोबात धरावाच लागते. लीगचा नियम आहे अवेवाल्यांना ३ हजार सीट किंवा ग्राउंडच्या १० टक्के, जे कमी असेल ते. म्हणजे आपल्या पोरांच्या पाठीशी तिथं फार तर ३ हजार, बाकी सगळे विरोधात.

त्या ग्राउंडवरचा जुना हिशोब, पण डोळे उघडे ठेवून

हे मला सगळ्यात आवडणारं काम. त्याच ग्राउंडवरच्या मागच्या चार-पाच लीग मॅचेस लिहायच्या, नुसता स्कोअर नाही तर गोल कसा झाला तेही.

आर्सेनलचं असं आहे. मे २०२२, ०-२ हार, बेन व्हाइटचा स्वतःच्याच जाळ्यात गोल आणि मग ब्रुनो गिमारेसचा, त्या हारीनं आपली चॅम्पियन्स लीगची जागा जवळपास गेलीच. मे २०२३, २-० जीत, आपल्या मिडफिल्डमधल्या ओडेगार्डनं लांबून मारला आणि नंतर त्यांच्या फाबियन शेअरचा ओन गोल. नोव्हेंबर २०२३, ०-१, गॉर्डनचा तो गोल ज्याच्यावर व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या रेफ्रीनं, तीन-तीन गोष्टी तपासल्या, बॉल लाइनच्या बाहेर गेला का, आपल्या गाब्रियलला ढकललं का, ऑफसाइड होता का, आणि शेवटी गोल दिला. नोव्हेंबर २०२४, परत ०-१, बाराव्या मिनिटाला इसाकचा हेडर. आणि सप्टेंबर २०२५, २-१ जीत, वोल्टेमाडनं आधी त्यांना पुढं नेलं, ८४ व्या मिनिटाला मेरिनोनं बरोबरी केली आणि ९६ व्या मिनिटाला गाब्रियलनं कॉर्नरवर डोकं लावलं, तेव्हा आमच्या गल्लीतली कुत्री जागी झाली होती.

आता ह्या पाच ओळी एकाखाली एक लिहून शांतपणे पाहा. पाचात एकही ड्रॉ नाही. तिन्ही हारींमध्ये आपला गोल शून्य. म्हणजे तिथं आपली अडचण गोल खाण्याची कमी आणि करण्याची जास्त, त्यांनी तिन्ही मॅच मिळून चारच केले पण आपण एकही नाही. हे नुसता "तिथं आपण हरतो" म्हणून कळत नाही, लिहिल्यावर कळते.

मग दुसरा प्रश्न विचारा, तेव्हापासून बदललं काय? २०२४ ला गोल करणारा इसाक २०२५ मध्ये लिव्हरपूलला गेला, म्हणजे त्या हेडरची भीती आता काढून टाकायची. ग्राउंड सुद्धा बदलते, एव्हर्टननं १८९२ पासूनचं गुडिसन पार्क सोडून २०२५ मध्ये नव्या स्टेडियमला मुक्काम हलवला, तर गुडिसनवरचा कोणाचाही जुना रेकॉर्ड आता एव्हर्टनच्या मॅचला उपयोगाचा नाही. चार-पाच वर्षांच्या मागं तर जाऊच नका. फेब्रुवारी २०११ ला आपण ह्याच ग्राउंडवर हाफटाइमला ४-० नं पुढं होतो, आपल्या डियाबीला रेड कार्ड मिळालं आणि मॅच ४-४ झाली, ती आठवण कोणताही आर्सेनलवाला विसरणार नाही, पण त्या दिवशीच्या २२ पैकी एकही जण आज ह्या मॅचमध्ये नाही. अंदाजात तिला जागा देऊ नका.

कोण आहे, कोण नाही

मॅचच्या एक-दोन दिवस आधी दोन्ही कोच प्रेस कॉन्फरन्स घेतात, तिथं दुखापतीचं समजते. कोच पूर्ण खरं सांगतीलच असं नाही, पण "उद्या पाहू" म्हटलं की खेळाडू बेंचवर धरायचा, असा माझा हिशोब.

कार्डांचे नियम पाठ करून ठेवा. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ मॅचच्या आत ५ यलो झाले की एक मॅच बाहेर, ३२ मॅचच्या आत १० झाले की दोन मॅच. दोन यलोचं रेड असेल तर एक मॅच, मारामारी किंवा धोकादायक टॅकलचं थेट रेड असेल तर तीन. आणि लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडं उसना गेलेला खेळाडू प्रीमियर लीगमध्ये स्वतःच्या मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही, हे लय जणांना माहीतच नसते.

परत आपल्या पाच ओळींकडं या. नोव्हेंबर २०२३ ला ओडेगार्ड नव्हता, नोव्हेंबर २०२४ ला पण नव्हता, दोन्ही वेळा ०-१. मे २०२३ ला होता तर पहिला गोल त्याचाच. आता २०२२ ला तो खेळला तरी आपण हरलो, म्हणून तो असला की जिंकलोच असं म्हणत नाही मी, पण दाटलेल्या डिफेन्समधून पास काढणारा माणूस नसला की न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क ग्राउंडवर आपला अटॅक बंद पडते, एवढं त्यातून निघते. म्हणून ह्या मॅचसाठी मी पहिलं नाव मिडफिल्डमधलं शोधणार, स्ट्रायकरचं नंतर.

थकवा

आठवड्यात कोणाची मॅच कधी झाली ते लिहा, दोघांच्या मध्ये किती दिवस मिळाले ते लिहा. २०२३ च्या त्या हारीच्या आधी बुधवारी आर्सेनल लीग कपमध्ये वेस्ट हॅमकडं ३-१ नं हरून आली होती. युरोपात गुरुवारी खेळून रविवारी परत मैदानात उतरणाऱ्या टीमचे पाय साठाव्या मिनिटानंतर जड होतात, तेव्हा बेंच पाहा, ९ पैकी ५ बदलता येतात. अंतराचा लय बाऊ करू नका, इंग्लंड छोटं आहे. न्यूकॅसल ते बोर्नमथ हा लीगमधला सगळ्यात लांबच्या प्रवासांपैकी एक आणि तो साधारण ५६० किलोमीटर, म्हणजे जवळपास गोंदियाहून बुलढाणा, आणि टीम विमानानं जातात.

गोल कुठून येणार

इथं थोडा वेळ द्या, कारण अवे मॅच बहुतेक वेळा एखाद्या गोलवरच फिरते. दोन्ही टीमचे मागच्या चार-पाच मॅचचे हायलाइट्स पाहा, चार-पाच मिनिटांचे असतात, जेवता-जेवता होतात, आणि प्रत्येक गोलपुढं एक शब्द लिहा, कॉर्नर, काउंटर, पेनल्टी, थ्रो, क्रॉस. दहा गोल लिहिले की कल कळते. पेनल्टीचे गोल बाजूला ठेवा, ते दरवेळी मिळत नाहीत.

थ्रो लिहायला विसरू नका. नोव्हेंबर २००८ ला आर्सेनल स्टोकला गेली होती आणि २-१ नं हरली, स्टोकचे दोन्ही गोल रोरी डेलॅपच्या लांब थ्रोवर आले. अख्ख्या देशाला माहीत होतं तो बॉक्समध्ये फेकणार, तरी थांबवता आलं नाही. अशा टीमविरुद्ध आपला डिफेन्डर बॉल साइडलाइनला मारतो तेव्हा तो धोका टाळत नाही, वाढवतो, ही गोष्ट आधी माहीत असली की टीव्हीपुढं बसून आपल्याला खेळ वेगळाच दिसायला लागते.

मैदानाचं माप पण पाहा, लीगचं ठरलेलं माप १०५ बाय ६८ मीटर आहे पण जुन्या स्टँडमुळे काही ठिकाणी जागा नाही, अॅनफिल्ड १०१ मीटर लांब आहे, फुलहॅमचं क्रेव्हन कॉटेज १०० बाय ६५. छोट्या मैदानात विंगरला जागा कमी आणि लांब थ्रो, कॉर्नर जास्त कामाचे. न्यूकॅसलचं मैदान पूर्ण मापाचं, तिथं विंगर पळू शकतात, दोन्हीकडचे.

मग आकडा लिहा

नवीन पोरांसाठी सांगतो, लीगमध्ये अवे गोलचे डबल काही धरत नाहीत, तो नियम युरोपच्या कपांमध्ये होता आणि तिथूनही २०२१ मध्ये काढला. इथं जिंकले ३, ड्रॉ १.

आकडा लिहायच्या आधी एक ओळ लिहा, "काय झालं तर मी समाधानी". टेबलमध्ये आपण पुढं असू आणि मागचा पाच-सहा पॉइंट दूर असेल तर न्यूकॅसलला १ पॉइंट चांगला. मागून पाठलाग करत असू तर नाही. ही ओळ आधीच लिहिलेली असली की शेवटच्या दहा मिनिटांत कोच डिफेन्डर उतरवते तेव्हा आपल्याला त्याचं कारण समजते.

लाइनअप किकऑफच्या सव्वा तास आधी येते. रात्री ९ च्या मॅचला पावणेआठला मोबाइल पाहा, वहीतली नावं जुळवा, काही मोठं बदललं असेल तर आकडा तेव्हा बदला. मग पहिली १५ मिनिटं फक्त एक गोष्ट मोजा, आपली टीम स्वतःच्या हाफमधून पास करत बाहेर येऊन राहिली का नुसती लांब मारून राहिली. घरची टीम पब्लिकच्या जोरावर सगळ्यात जास्त तेव्हाच दाबते, २०२४ चा इसाकचा गोल ह्याच टाइमात आला.

माझ्या वहीत ह्या मॅचला २-१ आर्सेनल लिहिलं आहे, पहिला गोल त्यांचा, आपला निदान एक कॉर्नरवर, आणि ओडेगार्ड लाइनअपमध्ये नसला तर मी तो खोडून १-१ करणार. तुमचा आकडा लाइनअपच्या आधी ग्रुपवर टाका, आणि सोबत कारणाची एक ओळ पाहिजेच.