आई-वडील आणि मुलांसह व्हर्सायचा राजवाडा पाहताना

पॅरिसला आलेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमात व्हर्साय हटकून असते आणि बहुतेकदा त्याला एका सकाळचे तीन-चार तास दिलेले असतात. बरोबर आजी-आजोबा, लहान मूल किंवा व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असेल, तर हा हिशेब पहिल्या तासातच कोलमडतो. व्हर्साय ही एकच इमारत नाही. राजवाडा, आंद्रे ल नोत्र याने आखलेल्या बागा, त्यापलीकडे सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा मोठा कालवा आणि त्रियानोचे दोन छोटे महाल मिळून हा परिसर सुमारे ८०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ २००० एकर भरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला येथे पायऱ्यांपेक्षा अंतर अधिक छळते, आणि म्हणूनच दिवसाची आखणी कुटुंबातील सर्वांत कमी चालू शकणाऱ्या व्यक्तीच्या पायांवरून करावी.

प्रथम वार ठरवावा. राजवाडा आणि त्रियानो सोमवारी बंद असतात. मंगळवारी पॅरिसमधील लूव्र संग्रहालय बंद असल्याने पर्यटकांचा लोंढा इकडे वळतो आणि शनिवार-रविवारीही दालनांत मुंगीच्या पावलांनी सरकावे लागते. त्यामुळे बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार निवडावा. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशीची गर्दी पाहता वृद्धांना घेऊन जाण्याचा मोह टाळलेलाच बरा. राजवाड्याच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ नेमून दिलेली असते, तेव्हा ते आधीच काढून ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांना राजवाड्यात विनामूल्य प्रवेश आहे, मात्र कारंज्यांच्या कार्यक्रमाच्या दिवशी बागेसाठी सहा वर्षांवरील मुलांचेही तिकीट लागते.

दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्यासोबतच्या एका व्यक्तीला पुराव्याच्या आधारे विनामूल्य प्रवेश मिळतो. भारतातून येणाऱ्यांनी इंग्रजी मजकूर असलेले दिव्यांगत्वाचे ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे आणि त्याची प्रत काही दिवस आधी राजवाड्याच्या कार्यालयाला ईमेलने पाठवून ते चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे. त्याच पत्रात व्हीलचेअरने कोणत्या दाराने यावे आणि गाडी कुठवर आणता येते, हेही विचारावे. राजवाड्यात ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर विनामूल्य वापरायला मिळते. घरी आजी काठीवर चालत असल्या, तरी येथे व्हीलचेअर नि:संकोच घ्यावी, कारण दालनांत बसायला जागा फार थोड्या आहेत आणि दमल्यावर गर्दीतून उलटे फिरणे जवळजवळ अशक्य असते.

पॅरिसहून जाण्यासाठी उपनगरी रेल्वेची ‘सी’ मार्गिका सोयीची असून ‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’ या शेवटच्या स्थानकापासून राजवाडा दहा मिनिटांच्या चालीवर आहे. या मार्गिकेला फाटे फुटतात, म्हणून गाडी याच स्थानकाची आहे हे फलकावर पाहूनच चढावे. खरी अडचण त्याआधीच सुरू होते. पॅरिसच्या मेट्रोत केवळ १४ क्रमांकाची मार्गिका व्हीलचेअरसाठी पूर्णपणे सुगम आहे आणि इतर अनेक स्थानकांवर जिन्यांना पर्याय नसतो. व्हीलचेअर असेल, तर त्या दिवसापुरती टॅक्सी करावी. खर्च जास्त होतो, हे खरे, पण सकाळची सगळी शक्ती जिन्यांवर संपली, तर पुढचा राजवाडा पाहायला उरतो कोण? राजवाड्यासमोरचे विस्तीर्ण अंगण दगडी फरसबंदीचे आहे. तेथे खुर्ची हादरत जाते, म्हणून ती सावकाश ढकलावी आणि बसलेल्या व्यक्तीच्या पाठीशी एक उशी किंवा घडी केलेली शाल द्यावी.

आता क्रमाविषयी, आणि याविषयी माझे मत ठाम आहे. बहुतेक लोक आधी राजवाडा पाहतात, मग थकलेल्या पायांनी बागेत उतरतात आणि त्रियानो राहूनच जाते. ज्येष्ठांबरोबर हा क्रम उलटा करावा. सर्व जागांचे एकत्रित तिकीट काढून राजवाड्याची वेळ दुपारी तीनच्या सुमाराची घ्यावी, तोवर पहाटेपासून आलेले गट ओसरू लागतात. त्रियानो दुपारी बाराला उघडते, तेव्हा आरंभ तेथून करावा. मोठे त्रियानो एकमजली असल्याने जिना चढावा लागत नाही, आणि गुलाबी संगमरवरी खांबांची त्याची ओसरी राजवाड्याच्या मानाने निवांत असते. लहान त्रियानो मात्र मजल्यांचे आहे, आणि फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी उभारलेल्या खेडेगावाकडे जाणाऱ्या वाटा ओबडधोबड आहेत. मुलांना ते गाव आणि तेथील गुरे-कोंबड्या फार आवडतात, म्हणून एका मोठ्या माणसाने मुलांना तिकडे न्यावे आणि दुसऱ्याने आजी-आजोबांसोबत थांबावे. आईला एकटीला बाकावर बसवून सगळ्यांनी फिरून येणे, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. ती काही बोलत नाही, पण तिच्या वाट्याला मग फक्त बाक येतो.

राजवाडा, दोन्ही त्रियानो आणि कालवा यांना जोडणारी छोटी पर्यटक-गाडी आहे, तिचा उपयोग करावा. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्याही तासाच्या भाड्याने मिळतात. त्या चालवायला वाहन परवाना लागतो, तो जवळ असावा. पायीच जायचे ठरले, तर राजवाड्यापासून कालव्यापर्यंतची वाट उताराची आहे, म्हणजे परतताना खुर्ची चढावर ढकलावी लागेल, हे लक्षात ठेवावे.

बागेत डबा खाण्याची परवानगी नाही, पण कालव्याच्या बाजूच्या उद्यानात मोकळ्या हिरवळी आहेत. दशम्या-चटणी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या तेथे खाऊन घ्याव्यात, म्हणजे मधुमेह असलेल्यांचे जेवण वेळेवर होते. बागेत स्वच्छतागृहे दूरदूर असल्याने दिसेल तेथे जाऊन यावे.

मुख्य दालने पहिल्या मजल्यावर आहेत. लिफ्ट गर्दीच्या नेहमीच्या वाटेवर नसते, म्हणून आत शिरताच कर्मचाऱ्यांना सांगावे. आरसेमहाल ७३ मीटर लांब असून त्याच्या १७ कमानींत ३५७ आरसे आहेत. २८ जून १९१९ रोजी, शाळेत आपण पाठ केलेल्या व्हर्सायच्या तहावर, येथेच सह्या झाल्या. खुर्चीत बसलेल्याला गर्दीत पुढच्यांच्या पाठीच दिसतात, तेव्हा खुर्ची खिडक्यांच्या कडेने न्यावी. तेथून समोर आरसे, वर शार्ल ल ब्रँ याने रंगवलेले छत आणि मागे थेट कालव्यापर्यंतची बाग, असे सगळे बसल्या जागेवरून दिसते. येथे निदान पंधरा मिनिटे थांबावे, आणि त्यासाठी पुढची दोन-चार दालने सोडावी लागली तरी सोडावीत.